मोटार क्रमांक ५३१

रॅलीचं वेड लागलेला पोरगा भिलाईत भेटला, की गप्पांच्या ओघात एक प्रश्न हमखास येतो. "काका, फास्ट चालवायचं की कन्सिस्टंट?" सेक्टरांमधले रुंद, सरळ रस्ते आणि दारावरून जाणारा नागपूरचा महामार्ग यांच्यावर ही पोरं वाढलेली. विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. ज्याच्या पायात वेग नाही त्याने सातत्याची गोष्ट करावी, असं त्याला मनातून वाटत असतं. मला त्याची काळजी वाटते, म्हणून मी त्याला एका दिवसाचं घड्याळ सांगतो. दिवस १२ मे १९५७, रविवार. जागा उत्तर इटलीतलं ब्रेशिया. शर्यत 'मिल्ले मिलिया', म्हणजे हजार मैल. ब्रेशियातून निघायचं, आड्रिआटिक समुद्राच्या काठाने पेस्काराला, तिथून डोंगर ओलांडून रोमला, मग फ्लोरेन्स, बोलोन्या, मांतोव्हा करत परत ब्रेशिया. सुमारे १,६०० किलोमीटर, सगळे साधे रस्ते. गावांच्या चौकांतून, बाजारपेठांतून, शेतांच्या कडेने. कठड्यांच्या जागी माणसं उभी.

या शर्यतीत मोटारीवर रंगवलेला क्रमांक म्हणजे तिच्या सुटण्याची वेळ असे. ५३१ म्हणजे पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं.

पहाटे ४:१७

मोठ्या मोटारींच्या आधी लहान इंजिनांच्या गाड्या सुटतात. क्रमांक ४१७ ही तीन लिटरची फेरारी २५० जीटी, छप्पर असलेली. चालक बेल्जियमचा ओलिव्हिए जाँदबियाँ, वय ३३. हा माणूस रॅलीत घडलेला आहे. १९५५ साली लीएज–रोम–लीएज ही झोप आणि मोटार दोन्ही मोडून काढणारी रॅली त्याने मर्सिडीजमधून जिंकली होती. आज त्याच्याकडे कोणाचं फारसं लक्ष नाही. गर्दी मागून येणाऱ्या उघड्या, मोठ्या मोटारींची वाट पाहते आहे.

पहाटे ५:३१

भिलाईत तेव्हा सकाळचे दहा वाजून एक मिनिट झालेलं. पोलाद कारखाना अजून उभा राहतो आहे, पहिली झोतभट्टी सुरू व्हायला पावणेदोन वर्षं आहेत.

ब्रेशियाच्या उतरणीवरून क्रमांक ५३१ खाली येते. चार लिटरची, बारा सिलिंडरांची फेरारी ३३५ एस. चालक आल्फोन्सो दे पोर्तागो, स्पेनचा मार्किस, वय २८. शेजारी त्याचा अमेरिकन मित्र एडमंड नेल्सन. पोर्तागोबद्दल लिहिणारे त्याच्या उमरावकीवर आणि प्रेमप्रकरणांवर पानंच्या पानं खर्च करतात. मला त्याच्या अंगातली गुणवत्ता जास्त महत्त्वाची वाटते. हौशी जॉकी म्हणून तो ब्रिटनच्या ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या शर्यतीत उतरला होता. १९५६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये, बर्फावरून घसरणाऱ्या दोन माणसांच्या बॉबस्लेमध्ये, त्याच्या जोडीचं कांस्यपदक सेकंदाच्या लहानशा अंशाने हुकलं. त्याच वर्षी नेल्सनला शेजारी बसवून त्याने 'तूर द फ्रान्स ऑटो' जिंकली. ती सगळ्या फ्रान्सभर फिरणारी, रॅलीच्या जातीची स्पर्धा. म्हणजे दिवसेंदिवस मोटार सांभाळून चालवणं त्याला येत नव्हतं, असं नाही. येत होतं.

पण आजची मोटार त्याची नव्हतीच. लुईजी मुस्सो आजारी पडला आणि त्याच्या जागी पोर्तागोला बसवलं. मिल्ले मिलियाबद्दल त्याची नाराजी जाहीर होती. हजार मैलांचा रस्ता कोणाला पाठ होणार, आणि पाठ नसलेल्या रस्त्यावर या मोटारीच्या वेगाने जायचं कसं, हा त्याचा आक्षेप. आक्षेप शंभर टक्के बरोबर होता. तरी तो निघाला. संघातली जागा एकदा नाही म्हटलं की पुन्हा विचारली जाईलच असं नाही, हे प्रत्येक तरुण चालकाला ठाऊक असतं. दोनच महिन्यांपूर्वी, १४ मार्चला, आदल्या वर्षीचा विजेता एउजेनिओ कास्तेलोत्ती मोडेनाच्या ट्रॅकवर चाचणी घेताना गेला होता. जागा रिकाम्या होत होत्या आणि भरल्या जात होत्या.

५:३२, ५:३४, ५:३५, ५:३७

पाठोपाठ चौघे सुटतात.

५३२ वर जर्मनीचा वोल्फगांग फॉन ट्रिप्स, २९ वर्षांचा. ५३४ वर इंग्लंडचा पीटर कॉलिन्स, २५ वर्षांचा, शेजारी छायाचित्रकार लुई क्लेमेंटास्की. ५३५ वर पिएरो तारुफी, रोमचा इंजिनिअर, पांढऱ्या केसांचा, वय ५०. तारुफी वर्षानुवर्षं या शर्यतीत उतरतो आहे आणि एकदाही जिंकलेला नाही. जिंकलो की हा खेळ सोडीन, असा शब्द त्याने बायकोला दिलेला आहे. ५३७ वर इंग्लंडचाच स्टर्लिंग मॉस, २७ वर्षांचा, मासेरातीत.

मॉसच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन हा दाढीवाला पत्रकार आहे. या दोघांनी १९५५ साली जे केलं त्यावर आजची सगळी रॅली उभी आहे. शर्यतीआधी त्यांनी पुन्हा पुन्हा तो रस्ता पालथा घातला. प्रत्येक अवघड वळण, उंचवटा, रेल्वे फाटक यांच्या नोंदी केल्या, त्या सुमारे साडेपाच मीटर लांब कागदाच्या गुंडाळीवर उतरवल्या आणि ती गुंडाळी खिडकी असलेल्या पत्र्याच्या डबीत बसवली. मोटारीच्या आवाजात बोलणं अशक्य, म्हणून हाताच्या खुणा ठरवल्या. पुढे चढ आहे, पलीकडचं दिसत नाही, तरी जेन्किन्सनचा हात सांगतो सरळ आहे, आणि मॉस पाय उचलत नाही. १० तास ७ मिनिटं ४८ सेकंद, सरासरी ताशी १५७ किलोमीटरच्या वर. हा विक्रम कधीच मोडला नाही. आज रॅलीत शेजारी बसलेला सहचालक 'पेस नोट्स' वाचतो तो याच वाटेने आलेला.

पोरांना मी इथे थांबवतो. इतिहासातली ही सर्वांत वेगवान फेरी कशी साधली? धाडसाचा वाटा होताच. पण पुढच्या वळणावर काय आहे हे आधीच माहीत असल्यामुळे दहा तास एकाच खात्रीने मोटार हाकता आली, हे त्याहून मोठं. तिथे सातत्यातूनच वेग निघाला.

पावणेसहाच्या आत

सुटून दहा-बारा किलोमीटर होतात न होतात, तोच मॉसच्या पायाखाली ब्रेकचं पेडल तुटतं. मोटार भन्नाट वेगात, समोर वळण. गिअर उतरवत उतरवत तो ती कशीबशी रोखतो. कोणालाही इजा होत नाही. दोघे मोटार वळवून हळूहळू ब्रेशियाला परततात. वर्षभराची तयारी दहा मिनिटांत संपली. मॉसच्या कारकिर्दीतल्या या दहा मिनिटांना विजयांच्या यादीत जागा नाही, मला मात्र ती त्या यादीइतकीच मोलाची वाटतात.

सकाळी दहापर्यंत

पाडुआ, राव्हेना, मग समुद्राकाठचा लांब सरळ रस्ता आणि पेस्कारापासून अब्रुझीचे डोंगर. कॉलिन्स जीव तोडून चालवतो आहे. तारुफी त्याच्या मागे, एका लयीत. पोर्तागो या दोघांच्या वेगाला पुरत नाही, पण मोटार रस्त्यावर ठेवतो आहे, आणि न शिकलेल्या रस्त्यावर ते सोपं नाही. या घटकेला कोणी त्याला विचारलं असतं, तर तो शहाणपणानेच चालवतो आहे असंच म्हणावं लागलं असतं.

अकराच्या आसपास, रोम

तपासणीचा थांबा. कार्डावर शिक्का, पेट्रोल, पाणी. पोर्तागो पुन्हा निघतो तोच गर्दीत अभिनेत्री लिंडा क्रिश्चन त्याला दिसते. तो थांबतो, ती धावत येते, दोघं चुंबन घेतात. ते छायाचित्र जगभर छापलं गेलं आणि त्याला 'मृत्यूचं चुंबन' असं नाव पडलं. मला त्या नावाचा राग आहे. त्या काही सेकंदांनी कोणाचाही जीव गेलेला नाही. या दिवसाची चूक शोधताना लोक त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले, आणि खरा प्रश्न पुढच्या थांब्यांवर तसाच पडून राहिला.

कॉलिन्स रोमला पहिला आहे.

बारा ते दोन

सिएना, फ्लोरेन्स, फुता आणि रातिकोझा हे घाट. याच पट्ट्यात तारुफीच्या मोटारीच्या मागच्या भागातून आवाज येऊ लागतात. शक्ती चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा कुरकुरते आहे. पन्नाशीचा इंजिनिअर काय करतो? गिअर टाकताना हलका हात, वळणातून बाहेर पडताना पाय जपून. कमी मागायचं, पण सतत मागायचं.

अडीचच्या आसपास, बोलोन्या

या थांब्यावर मी पोरांना जरा जास्त वेळ उभं करतो.

एन्झो फेरारी स्वतः इथे हजर आहेत. कॉलिन्स मोठ्या आघाडीने येतो आणि त्याच्याही मोटारीचा मागचा भाग तक्रार करतो आहे. तरी तो वेग कमी करत नाही. तारुफी येतो तो सोडून देण्याच्या विचारात. त्याला चालत राहायला सांगितलं जातं.

पोर्तागो येतो. त्याच्या पुढे वेळेच्या हिशेबात तो ४१७ वाला जाँदबियाँ आहे, एक लिटर लहान इंजिनाच्या, छपराच्या मोटारीत. उघड्या मोठ्या फेरारीत बसलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, हे स्पर्धेत उतरलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. पुढचं डावं चाक कुठेतरी घासतं आहे हे मेकॅनिकांनी पाहिलं, नवे टायर तयार होते, पण मिनिट वाया जाईल म्हणून पोर्तागो थांबला नाही, असं तेव्हापासून लिहिलं गेलं आहे.

भिलाईच्या घरांत 'शटडाउन' हा शब्द लहान मुलालाही कळतो. चालती भट्टी बंद ठेवायची, उत्पादन बुडालं तरी बुडू द्यायचं, आणि आत काय झिजलं ते पाहायचं. १२ जून २०१४ च्या संध्याकाळी कारखान्याच्या पंपगृहात बिघाड होऊन पाण्याचा दाब गेला, विषारी वायू सुटला आणि सहा जण गेले, तो दिवस ज्यांनी इथे काढला त्यांना थांबण्याची किंमत आणि न थांबण्याची किंमत यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. रॅलीतला सर्व्हिसचा थांबा तसाच असतो. स्टिअरिंग हातात असताना चालकाला विचाराला क्षणाचा भाग मिळतो. मोटार उभी असते तेव्हाच त्याच्याकडे खरी निवड असते. सातत्य हा गुण मी वळणावर पाहत नाही, थांब्यावर पाहतो. मेकॅनिक म्हणतो "बदलू या", घड्याळ म्हणतं "चल", आणि त्या वेळी तोंडातून काय निघतं?

तीनला काही मिनिटं कमी

ब्रेशियात जाँदबियाँ पोचतो. १० तास ३५ मिनिटांच्या वर काही सेकंद. त्याचं काम झालं आहे. आता त्याने फक्त वाट पाहायची.

तीनच्या सुमारास, पार्माजवळ

कॉलिन्सची मोटार थांबते. रोमपासून प्रत्येक तपासणीला पहिला असलेला माणूस, सुमारे दोनशे किलोमीटर उरले असताना, रस्त्याच्या कडेला. क्लेमेंटास्कीच्या त्या दिवसाच्या छायाचित्रांत कॉलिन्सचे हात, स्टिअरिंग आणि समोर धावत येणारा रस्ता दिसतो. शर्यतीच्या छायाचित्रांत इतकं जिवंत मी फार कमी पाहिलं आहे.

साडेतीन ते चार

क्रेमोना, मांतोव्हा, आणि तिथून ब्रेशियाकडे जाणारा सपाट, सरळ पट्टा. मांतोव्हा हे थोर शर्यतचालक ताझिओ नुव्होलारीचं गाव. १९५३ साली तो गेला, तेव्हापासून शेवटचा हा वेगवान टप्पा सर्वांत झपाट्याने कापणाऱ्याला त्याच्या नावाचं बक्षीस. म्हणजे १,४०० किलोमीटर थकलेल्या माणसाला आणि थकलेल्या टायरांना शेवटी सांगायचं, की आता सर्वांत जोरात पळा.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गावकरी आहेत. रविवारची दुपार, मुलं पुढे उभी केलेली, त्यांना दिसावं म्हणून.

चारच्या सुमारास, ग्विदिझोलो

भिलाईत रात्रीचे साडेआठ.

ब्रेशिया अवघं चाळीसेक किलोमीटर. सरळ रस्ता, ताशी २४० च्या आसपास वेग. पुढचा डावा टायर फुटतो. मोटार डावीकडे ओढली जाते, कडेच्या दगडावर आणि खांबावर आदळते, उडते, माणसांत जाते, परत रस्त्यावर फेकली जाते आणि दुसऱ्या बाजूच्या चरात पडते. पोर्तागो आणि नेल्सन जागीच गेले. रस्त्याकडेचे नऊ जण गेले, त्यांत पाच मुलं. कितीतरी जखमी.

हे काही सेकंदांत झालं. पोरं विचारतात, टायर फुटल्यावर त्याने काय करायला हवं होतं? तेव्हा करण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं.

४:०२

ब्रेशियाच्या शेवटच्या रेषेवर दोन फेरारी जवळजवळ एकत्र येतात. ५३२ चा ट्रिप्स आणि ५३५ चा तारुफी. तारुफी तीन मिनिटं उशिरा सुटला होता, म्हणून विजय त्याचा. १० तास २७ मिनिटं ४७ सेकंद, सरासरी ताशी १५२ किलोमीटर. मॉसच्या विक्रमापेक्षा वीस मिनिटं हळू. मोडायला आलेल्या मोटारीतून. जाँदबियाँ तिसरा.

तारुफीने शब्द पाळला आणि शर्यती सोडल्या. दोन वर्षांनी मोटार शर्यतीच्या तंत्रावर त्याचं पुस्तक आलं, इंजिनिअरच्या नजरेने लिहिलेलं. तो १९८८ पर्यंत जगला.

त्यानंतरचे दिवस आणि वर्षं

इटलीच्या सरकारने रस्त्यांवरच्या वेगाच्या शर्यती बंद केल्या. फेरारींवर मनुष्यवधाचा खटला भरला गेला, तो १९६१ साली निर्दोष सुटकेने संपला. तज्ज्ञांचा निष्कर्ष असा, की रस्त्यात बसवलेल्या, अंधारात चमकणाऱ्या खुंटीने टायर कापला. बोलोन्याचं घासणारं चाक आणि रस्त्यातली खुंटी यांपैकी काहीही खरं धरलं तरी मला त्यातून चालकाला मोकळं करता येत नाही आणि त्याला एकट्याला दोषीही धरता येत नाही. खुंट्या सगळ्यांच्याच वाटेत होत्या. टायरात, यंत्रात, मनात थोडं शिल्लक ठेवणारे पोचले. पण चुकीसाठी रस्त्याच्या कडेला वावभर मोकळी जागा ठेवायला हवी होती. तिथे मुलं उभी होती, आणि ती मुलं तिथे उभी राहू देणारे मोटारीत बसलेले नव्हते.

त्या वर्षीच्या फेरारीच्या तरुणांचं पुढे काय झालं, हेही सांगितलंच पाहिजे. ज्याच्या जागी पोर्तागो बसला तो मुस्सो जुलै १९५८ मध्ये गेला. कॉलिन्स त्याच्या पुढच्याच महिन्यात. ट्रिप्स सप्टेंबर १९६१ मध्ये मोन्झाला गेला आणि त्याच्यासोबत पंधरा प्रेक्षक. रॅलीतून आलेला जाँदबियाँ ल मान्सची चोवीस तासांची शर्यत चार वेळा जिंकून निवृत्त झाला आणि १९९८ पर्यंत जगला.

आपल्याकडे हे परकं वाटू नये. २१ सप्टेंबर २०१९ ला राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या बंद केलेल्या टप्प्यावर एक दुचाकी आली आणि गौरव गिल चालवत असलेल्या मोटारीची धडक होऊन एकाच कुटुंबातले तिघे गेले. गिल हा देशातला सर्वांत यशस्वी रॅलीचालक, त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळालेला. मोटार कितीही कसलेल्या हातात असली तरी टप्पा रिकामा आहे ही खात्री दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागते.

मिल्ले मिलिया १९५८, १९५९ आणि १९६१ साली रॅलीच्या स्वरूपात झाली. मधल्या रस्त्यावर वाहतुकीचे नियम, वेग फक्त ठरवून दिलेल्या टप्प्यांवर. १९७७ पासून ती जुन्या मोटारींची नियमिततेची स्पर्धा म्हणून पुन्हा सुरू झाली. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात कापायचं, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणी. लवकर पोचलात तरी गुण जातात.

आपल्या देशात याच जातीची टीएसडी रॅली आहे. वेळ, वेग, अंतर. रस्त्यात कुठे तपासणी लपलेली आहे ते सांगत नाहीत, आणि अनेक स्पर्धांत लवकर येण्याचा दंड उशिरा येण्यापेक्षा जड असतो. घरची मोटार चालते. शेजारी मन लावून नोंदी वाचणारा एक मित्र लागतो. भिलाईतल्या पोरांना मी इथूनच सुरुवात करायला सांगतो. त्यातले काही तोंड वाकडं करतात, काही जातात. जे जातात त्यांना परत आल्यावर मी निकाल नंतर विचारतो. आधी विचारतो, थांब्यावर मोटारीखाली वाकून पाहिलंस का, आणि काय दिसलं.